'जसंच्या तसं' म्हणजे नेमकं काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी इकडे व्हेनिसजवळ मेस्त्रेत, फोनवर ज्वाळा बघत बसलो होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं हे पॅलेस थिएटर. आतलं लाकूडकाम, रंगमंच, छत, सगळं गेलं. तेव्हापासून आम्हा शाळासोबत्यांत वाद चालू आहे. काहीजण म्हणतात, जसं होतं तसंच हवं. बाकीचे म्हणतात, नव्यानं बांधतोच आहोत तर एसी, गुबगुबीत खुर्च्या, भारी साउंड सिस्टीम घाला की! जुन्या लाकडाचं कौतुक किती दिवस करायचं?

मी 'जसं होतं तसंच' म्हणणाऱ्यांतला. आणि ते केवळ जिव्हाळ्यापोटी नाही.

इथलं ला फेनिचे हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ ला असंच आतून राख झालं. काम लांबल्याचा दंड चुकवायला दोन इलेक्ट्रिशियननी आग लावली, हे पुढे कोर्टात सिद्ध झालं. शेजारचे कालवे दुरुस्तीसाठी कोरडे केलेले, त्यामुळे बंबाच्या बोटींना जवळ येता येईना. मग शहरानं ठरवलं: 'जसं होतं, जिथे होतं'. १९०२ साली सेंट मार्कचा मनोरा कोसळला, तेव्हाही व्हेनिसनं हेच म्हटलं होतं. कारागिरांनी जुने फोटो धुंडाळले. इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोंतींच्या १९५४ च्या 'सेन्सो' या चित्रपटाची सुरुवात याच थिएटरात चित्रित झाली होती. त्यातल्या एकेका चौकटीवरून नक्षी आणि रंग जुळवले. डिसेंबर २००३ मध्ये दारं उघडली.

सोनं फार चकाकतं, नवंकोरं दिसतं, अशी टीका झाली. पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही ते डोळ्यांत खुपलं. मी बसलेल्या बॉक्सच्या, म्हणजे प्रेक्षकांच्या छोट्या सज्जाच्या, कठड्यावर सोनेरी वेलबुट्टी होती. दगडी असेल म्हणून हळूच टिचकी मारली, तर आवाज हलका, पोकळ. ती कागदाच्या लगद्याची होती, आपल्याकडच्या लगद्याच्या गणपतीसारखी! खाली लाकूड, वर लगदा, त्यावर सोन्याचा वर्ख. गाणं सुरू झालं आणि माइकशिवाय गायिकेचा श्वाससुद्धा तिसऱ्या मजल्यावर पोचला. तिथलं लाकूड शोभेपुरतं नाही, आवाजाला साथ द्यायला आहे.

खुर्च्या खुशाल नव्या घ्या. तासभर बसून कंबर धरते, हे खरंच आहे. वायरिंग आणि आगीची यंत्रणा तर आजचीच हवी, त्यात तडजोड नको. पण जमीन, भिंतींचं अस्तर, गॅलरी, छत यांना 'फर्निचरचं काम' समजून प्लायवूड आणि पीओपीवर भागवू नका. तसं केलं तर दगडी दर्शनी भाग जुना राहील आणि आत एखादा कुठलाही हॉल असेल.

आईच्या अल्बममध्ये ताईच्या गॅदरिंगचा एक फोटो आहे. नाच राहिला बाजूला, मागे गॅलरीचा कठडा मात्र स्वच्छ आलाय. दादाला सांगितलंय, तो मोठा स्कॅन करून काम बघणाऱ्यांना नेऊन दे. तुमच्याही घरी असे फोटो असतील, तेवढे शोधाच.