मांजर शांत झोपलं होतं

आमच्या गोव्यातली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर आली होती. पहाटे सहाला पावसाने जरा उसंत घेतली, तेवढ्यात फोंड्याला जाऊन माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांचं, थोडं सामान आणावं म्हणून मी पडवीतली गाडी बाहेर काढायला गेलो. सीटवर आमचं मांजर झोपलं होतं. चार दिवस ते तिथेच होतं. मी उचलून बाजूला ठेवलं, तर घरमालक भाडेकरूकडे बघतो तसं त्याने माझ्याकडे बघितलं. चावी फिरवली, बटण दाबलं.

टक-टक-टक-टक-टक.

मीटरवरचे आकडे एकदा क्षीण उजळले, घड्याळात एक वाजला आणि सगळं विझलं.

"पेट्रोल आहे का रे?" आईने आतून विचारलं.

गाडीला काहीही झालं तरी आईचा हा पहिला प्रश्न. टायर पंक्चर झाला तरी ती आधी पेट्रोल विचारते. "आई, ही बॅटरी आहे," मी म्हटलं. "तरी बघून घे," ती म्हणाली. मी काही बघितलं नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आपा आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात ब्रश, तोंडात फेस. "कितें रे, चालू जायना? किक मार."

"आपा, हिला किक नाही."

आपांनी फेस थुंकला. "किक नाशिल्ली गाडी घेतली कित्याक?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मग आपांनी दुसरं औषध सांगितलं: उतारावर सोड, दुसरा गिअर, क्लच सोड, बघ कशी पळते. आमच्या दारातून रस्ता थेट तळीपर्यंत उतरतो. मी बसलो, आपांनी ढकललं, गाडी निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तेव्हा मागचं चाक ओल्या रस्त्यावर एकदा कचकन घसरलं, मग गाडी पुन्हा निमूट चालू लागली. पालखी निघावी तशी, आवाज न करता, ती तळीपाशी जाऊन थांबली.

खाली उभा राहिल्यावर मला आठवलं की माझी गाडी २०२० नंतरची, प्रदूषणाच्या नव्या नियमांची, बीएस-सहावाली. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल वरच्या टाकीतून आपसूक खाली यायचं, ठिणगी कशीबशी पडली तरी भागायचं. हिच्यात पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा डबाही विजेवर. बॅटरी पार बसलेली असेल तर उतार काय, दूधसागरावरून सोडली तरी ती चालू व्हायची नाही. हे ज्ञान मला उताराच्या वरच्या टोकाला झालं असतं तर बरं झालं असतं.

पों-पों करत पाव विकणारा पोदेर आला. त्याच्या सायकलला रबरी फुग्याचा भोंगा, त्याला ना बॅटरी ना चार्जर. माझ्या गाडीच्या हॉर्नवर मी अंगठा दाबला, तर सर्दी झालेल्या कोंबड्यासारखा आवाज आला. पोदेराने सायकल तळीच्या कठड्याला टेकवली आणि गाडीला मागून हात लावला. अर्ध्या चढावर धापा टाकत तो एवढंच म्हणाला, "म्हजी सायकल बरी." पावाची टोपली खाली बघून तळीकडचा कुत्रा तिच्याभोवती घिरट्या घालत होता. म्हणजे त्या सकाळी माझ्या बॅटरीमुळे वाड्याचा, म्हणजे आमच्या अख्ख्या वस्तीचा, नाश्ताही धोक्यात आला होता.

गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने फोन गाडीजवळ धरायला सांगितला, दोन वेळा टक-टक ऐकलं आणि निदान केलं. "बॅटरी गेली. नवी घालूया."

"कधी?"

"चवथीनंतर."

गोव्यात ऑगस्टपासून सगळीच कामं चवथीनंतर होतात. गवंडी, प्लंबर, दातांचे डॉक्टर, लग्नाची बोलणी, सगळं. त्यात माझी बॅटरी कुठे बसणार?

मग मीच बाजूचा पत्रा खोलला. टर्मिनलवर हिरवट-पांढरं काहीतरी फुललं होतं. "बुरशी," आई म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. श्रावणात आमच्या घरी पट्टा, चपला, लग्नाचा अल्बम सगळ्यांवर बुरशी येते, बॅटरीने काय पाप केलंय? पण ते आम्लाच्या वाफेने धातूवर चढलेले क्षार होते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ओतला की ते फसफसून निघतात. सोडा कुठे आहे विचारल्यावर बायको म्हणाली, "वड्यांसाठी ठेवलाय. दोन चमचे घ्या, डबा नका नेऊ."

ते पुसण्याआधी बॅटरी सोडवायची. आधी ऋण वायर काढायची, मग धन. लावताना उलटं, आधी धन. कारण सोपं आहे: ऋण बाजू गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेली असते. धनाचा नट फिरवताना पान्हा सांगाड्याला टेकला की बॅटरीची दोन्ही टोकं पान्ह्यातून भेटतात. मी आधी धन काढायला घेतलं आणि ती भेट डोळ्यांनी पाहिली. निळी ठिणगी, चट् असा आवाज, पान्ह्याच्या तोंडाला तिळाएवढा खड्डा. मरणाच्या दारातल्या बॅटरीत एवढा राग असेल असं वाटलं नव्हतं. मांजराने तेवढ्यापुरतं एक डोळा उघडला.

मीटर लावला. ११.४ व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकात दोनाहून थोडे जास्त. भरलेली, निवांत बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. अकराला बारा जवळ वाटतात, पण बॅटरीच्या हिशेबात बारा म्हणजेच तळाला लागलेला हंडा, आणि साडेअकराच्या खाली तर हंड्यात फक्त आवाज.

"पाणी घाल तिच्यात," आपा म्हणाले. "आम्ही पावसाचं भरून ठेवायचो बाटलीत. देवानंच डिस्टिल्ड करून पाठवलेलं."

त्यांना बॅटरी दाखवली. वर बूच नाही, झाकण नाही, सगळी सीलबंद. आपांनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली. गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थाने १८५९ मध्ये शिसं आणि आम्ल वापरून अशी पहिली बॅटरी बनवली. आत अजून तेच शिसं, तेच आम्ल. नवीन एवढंच, की आपांना आत काही घालता येत नाही. ते थोडे दुखावले आणि घरी गेले.

कुर्टीहून भाच्याने चार्जर आणून दिला. माझी बॅटरी ९ अ‍ॅम्पियर-अवरची. साधारण दहाव्या हिश्शाने, म्हणजे ०.९ अ‍ॅम्पियरने सावकाश भरायची, दहा तास. घाई केली तर तापते. पण पडवीत पॉइंट एकच, आणि त्यावर मुलांनी मखराची माळ लावलेली. "बाप्पाला अंधारात ठेवणार?" धाकटीने विचारलं. बाप्पा यायला अजून दोन दिवस होते, तरी वाटाघाटी माळ रात्री नऊपर्यंत, बॅटरी नऊनंतर, अशा मिटल्या. आत नेवऱ्या तळल्या जात होत्या आणि बाहेर मी चार्जरचा लाल दिवा बघत बसलो होतो. रात्रीत वीज तीनदा गेली. दरवेळी मी उठून कितीला गेली, कितीला आली ते वहीत लिहिलं. बायको म्हणाली, "घरात कुणाला ताप आला तर इतक्यांदा उठत नाही तुम्ही."

सकाळी चार्जर काढून दोन तास कळ काढली, कारण काढल्या काढल्या मीटर कौतुकाचंच बोलतो. १२.७. बॅटरी जोडली, आधी धन. बटण दाबलं. पहिल्या फटक्यात चालू. थोडी रेस केल्यावर मीटर १४.२ दाखवत होता, म्हणजे गाडी बॅटरी नीट भरत होती. मग पीत कोण होतं?

गाडी बंद केली, ऋण वायर सोडवली आणि मधे मीटर जोडला. चावी खिशात, गाडी झोपलेली, तरी ३२ मिलिअ‍ॅम्पियर वाहत होते. फ्यूज एकेक काढत गेलो. एक काढल्यावर आकडा १ वर आला. तो अलार्मचा होता.

हा अलार्म मीच मे महिन्यात बसवला. पलीकडच्या वाड्यावर कुणाची तरी स्कूटर गेली म्हणून. गडगडाट झाला की तो बोंबलायचा, माडाची झावळी पडली की बोंबलायचा, आणि मांजर सीटवर चढलं की रात्री दोनला अख्खा वाडा जागा करायचा. त्याचा खर्च दिवसाला पाऊण अ‍ॅम्पियर-अवर. पावसामुळे गाडी दहा दिवस उभी होती, म्हणजे साडेसात गेले. मधे दोनदा दोन-दोन मिनिटं गाडी चालू करून ठेवली होती, त्यात बॅटरीला मिळालं ते नावापुरतं. नवातले असे रोज थोडे थोडे जात राहिल्यावर अलार्मला बोंबलायलाही बळ उरलं नाही. चार दिवसांपूर्वी बायको म्हणाली होती, "हल्ली रात्री झोप बरी लागते, नाही?" मी पावसाला श्रेय दिलं होतं. मांजराला मात्र कारण ठाऊक असणार.

गाडी सुरू केली आणि ठरवलं, आता हिला बंद करायचं नाही. फोंड्याच्या माटोळीच्या बाजारात मी इंजिन धडधडत ठेवून खरेदी केली. आंबाडे, चिबूड, तोरिंजन, कवंडळं, सुपारीची शिपटी. एक हात क्लचवर, दुसऱ्याने भाव करतोय. कवंडळंवाली म्हणाली, "बंद कर गो बाय ती गाडी, धूर येता." बाईला म्हणतात ते "गो बाय" मला म्हणण्याइतकी ती वैतागली होती. माझ्याआधी फुलवाल्याच्या रांगेत तेरा माणसं, तरी मी बंद केली नाही.

परतताना फर्मागुडीचा चढ संपता संपता गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि गोपाळ गणपतीच्या अलीकडे थांबली. गळ्यात शिपटी, हँडलला चिबूड. मी बटण दाबलं. स्टार्टर कसा जोमात फिरला, घर्र-घर्र-घर्र, काय ती ताकद! पुन्हा दाबलं. बॅटरी ठणठणीत होती.

खिशातला फोन वाजला. आई होती.