अभिनंदन, तुम्ही जिंकलात!

दुकानात जाऊन, कानाला लावून, नीट ऐकून हेडफोन घेणारी माणसं बघितली की मला त्यांची कीव येते. त्यात कसलं थ्रिल? खरा शौकीन ऑनलाइन लिलावात घेतो, तेही अपरात्री, एका डोळ्यावर झोप आणि दुसरा घड्याळावर.

सुरुवात फोटोपासून करा. कंपनीच्या साइटवरून उचललेला एकच फोटो असेल तर बेस्ट, कसा चकाचक दिसतो. उलट कोणी पॅडचा, जॅकचा, सीरियल नंबरचा असे जवळून काढलेले दहा फोटो टाकले असतील तर सोडून द्या, एवढा प्रामाणिक माणूस आपल्याला काय स्वस्तात देणार!

मग वर्णन. वाचायचं नाही, फक्त 'रेअर' आणि 'व्हिंटेज' हे दोन शब्द शोधायचे. 'टेस्ट केलेले नाहीत' असं लिहिलं असेल तर समजून घ्या, बिचाऱ्याला फोटो काढायला, लिस्टिंग टाकायला वेळ मिळाला पण जॅक खुपसून बघायला पाच सेकंद नाही मिळाले, असतात लोक बिझी. तशी ही परंपराच आहे. १९९५ साली ईबे सुरू झालं तेव्हा तिथं पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. फक्त घेणाऱ्याला तो बिघडलाय हे माहीत होतं, आपल्याला तेवढंही नसतं.

ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते माप, वगैरे विचारून विकणाऱ्याचं डोकं खाऊ नका. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ९९० हा हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तिन्हीत निघालाय, कुठला येतोय ते सरप्राइज राहू दे. ६०० वाला आला आणि मोबाइलला लावल्यावर गायक शेजारच्या खोलीत कोंडल्यासारखा वाटला तर अँप, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, घ्या, लिलावातच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. वायरलेस असेल तर बॅटरी किती जुनी हे विचारणं म्हणजे चक्क उद्धटपणा. आणि वापरलेले इन-इअर घेतलेत तर कोणाच्या तरी कानातला मळ फ्री शिपिंगमध्ये.

साइट म्हणेल, तुमची कमाल रक्कम एकदाच टाका, आम्ही लागेल तेवढीच बोली वाढवू. असलं शहाणपण ऐकायचं नाही. समोरच्यानं चढवलं की आपण चढवायचं, दोन दिवस आधीपासून भाव तापवत ठेवायचा, म्हणजे शेवटच्या चार सेकंदांत कोणीतरी स्नायपर येऊन अलगद उचलून नेतो. तो नाही आला तर आणखी वाईट, तुम्ही जिंकता. म्हणजे तेवढे पैसे मोजायला दुसरं कोणीच तयार नव्हतं, आणि वर साइट अभिनंदन करते. त्यानंतर नव्या पीसची किंमत चुकूनही बघू नका. मी बघितली. वॉरंटीसकट कमी होती.

माझं पार्सल आलं तेव्हा पॅडचे काळे पापुद्रे बबल रॅपला चिकटले होते, तासभर ऐकलं तर गालालाही. घरातले विचारायला लागले, काजळ पसरलंय का. डावा कान मंद, वायर जॅकपाशी एका ठरावीक कोनात धरली की बरा चालतो, म्हणून आठवडाभर मान वाकडी करून गाणी ऐकली.

आता तेच परत लिलावात टाकलेत. फोटो कंपनीचाच, खाली 'टेस्ट केलेले नाहीत'. सकाळी बघितलं तर अकरा जण नजर ठेवून आहेत.