हडच्या दारात आमचं मंडळ

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेले होते वाण घ्यायला आणि घरी आले ती सरकारी अनुदानाचा ४३ पानी अर्ज घेऊन.

झालं असं की न्यू जर्सीत आमच्या भागात मराठी ज्येष्ठांचा एक छोटासा ग्रुप आहे, दर बुधवारी जमतात, पत्ते, गप्पा, खुर्चीतला योगा आणि दुपारचं जेवण. जेवण म्हणजे कोणी पोळ्या आणायच्या, कोणी आमटी, आणि मग आमटीत मीठ कमी की जास्त यावर अर्धा तास. यातले बरेचजण मुलाकडे राहतात, गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून ऑफिसला, म्हणजे बुधवार सोडला तर आठवडाभर टीव्ही आणि खिडकी. त्यांना आणायला-सोडायला व्हॅन आणि गरम जेवण याचा खर्च कुठून काढायचा अशी चर्चा चालली होती, कोणीतरी म्हणालं काऊंटी, म्हणजे इथला जिल्हा, पैसे देते, आणि सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. "अगं तू टेस्टिंगमध्ये आहेस ना, तुला फॉर्म येत असतील." या दोन गोष्टींचा संबंध मला आजतागायत कळलेला नाही, पण तोंडात तिळाची वडी होती त्यामुळे वेळेवर नाही म्हणता आलं नाही.

खजिनदार काकांना सांगितलं की याला कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट म्हणतात. काका मूळचे डोंबिवलीचे. "ब्लॉक घ्यायला पैसे देतात?" म्हणाले, चेहरा उजळलेला. म्हटलं नाही हो काका, १९७४ च्या कायद्याने गावोगावच्या विकासाच्या वेगवेगळ्या योजना एकत्र बांधल्या आणि एकगठ्ठा पैसे द्यायला सुरुवात केली म्हणून ब्लॉक. पैसे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून काऊंटीला येतात, ते खातं म्हणजे, इंग्रजी आद्याक्षरांवरून, हड. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांनाच हाकललं. "खात्याचं नावच हड? मग दारात कोण उभं करणार आपल्याला?" यातलं भविष्य तेव्हा कोणाला माहीत होतं.

पहिलाच प्रश्न: तुमचं काम कुठलं राष्ट्रीय उद्दिष्ट पूर्ण करतं? पर्याय तीन. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांचा फायदा, पडक्या-बकाल वस्तीचं निवारण, किंवा तातडीचं संकट. आमटीतल्या मिठाचं प्रकरण तिसऱ्यात बसेल असं मला वाटत होतं पण पहिला टिक केला. मग कळलं की आमच्यासारख्या जेवणखाण, व्हॅन, शिकवणी वगैरे सेवांना एकूण रकमेच्या १५ टक्क्यांच्या वर पैसे देताच येत नाहीत, मोठा वाटा रस्ते, गटारं, घरदुरुस्ती असल्या कामांना. म्हणजे त्या १५ टक्क्यांत बेघरांची निवारा केंद्रं, गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड पँट्री, शाळेनंतर मुलं सांभाळणारे, आणि आमची आमटी. लाज वाटली थोडी. पण व्हॅन पाहिजेच होती.

त्याआधी संस्थेचा १२ अक्षरा-आकड्यांचा एक सरकारी आयडी काढावा लागतो, फुकट मिळतो, पण तुमचं नाव आणि पत्ता त्यांच्या रेकॉर्डशी तंतोतंत जुळला पाहिजे. आमच्या नावात शेवटच्या 'इन्क'च्या आधी राज्याच्या कागदावर स्वल्पविराम आहे, बँकेत नाही, आणि टॅक्सवाल्यांच्या पत्रात सगळं कॅपिटलमध्ये. पत्ता म्हणून पोस्ट बॉक्स चालत नाही, आणि राज्याकडे नोंदलेला पत्ता आमच्या पहिल्या अध्यक्षांच्या गराजचा, ते घर विकून टेक्सासला जाऊन जमाना झाला. अर्ज तीनदा परत आला. मधेच एक ईमेल आला की आम्ही करून देतो, फक्त ५९९ डॉलर, आणि काका कार्ड काढून तयार, मी अक्षरशः हात धरला म्हणून वाचलो. पाच आठवड्यांनी आयडी मिळाला. काकांनी तो डायरीत लिहिला आणि एक कागद देव्हाऱ्याच्या खाली ठेवला.

आता खरी मजा. म्हाताऱ्या माणसांसाठी काम असेल तर प्रत्येकाच्या उत्पन्नाचे कागद मागत नाहीत, ही मंडळी कमी उत्पन्नातली आहेत असं सरकार गृहीत धरतं. आमच्या काऊंटीच्या फॉर्मवर वय ६२. केवढी सोय! मी बुधवारी आनंदाने हे जाहीर केलं आणि खोलीत शांतता पसरली. सातारचे आजोबा हातातले पत्ते पालथे ठेवून म्हणाले, "मी क्लास वन ऑफिसर म्हणून रिटायर झालोय. मी गरीब?" म्हटलं आजोबा, नुसतं गृहीत धरतात. "मला न विचारता?" शेजारच्या आजी म्हणाल्या, "आमच्या घरात मला चाळीस वर्षं गृहीत धरतायत, मी फॉर्म भरला होता का?" आजोबांनी पत्ते परत उचलले.

मग माहितीचा तक्ता. वंश: आशियाई, इथपर्यंत ठीक. पुढे एथ्निसिटी, त्यात पर्याय दोनच, हिस्पॅनिक किंवा हिस्पॅनिक नाही. जगातल्या समस्त मानवजातीची ही अशी वाटणी ऐकून आमच्या ग्रुपमध्ये प्रचंड गोंधळ. "हिस्पॅनिक म्हणजे कोण गं?" "स्पॅनिश बोलणारे वगैरे." "मग नाही लिही. आम्ही मूळचे वाईचे." एका आजीला नाही म्हणणं बरं वाटेना, शेजारी फार चांगले आहेत म्हणाल्या त्यांचे, मेक्सिकोचे, टामाले पाठवतात. पुढचा रकाना, घराची प्रमुख स्त्री आहे का? यावर एक काकू नवऱ्यासमोर शांतपणे म्हणाल्या, "कागदावर हे आहेत. खरं लिहायचंय का कागदावरचं?"

धर्माचंही एक कलम आहे. सरकारी पैशातून धार्मिक कार्यक्रम करता येत नाही, करायचाच तर वेळ किंवा जागा वेगळी ठेवायची आणि कोणावर सक्ती नको. आम्ही जेवणाआधी श्लोक म्हणतो. पाऊण तास वाद झाला की श्लोक हा कार्यक्रम की सवय. शेवटी ठरलं की श्लोक ११:५० ला, काऊंटीची पोळी १२ ला. मधल्या १० मिनिटांत धर्मनिरपेक्ष हात धुवायचे.

जेवणाचे तीन कोटेशन पाहिजेत. दोन केटरर्सनी व्यवस्थित पीडीएफ पाठवली. तिसरी आमची घरगुती पोळ्या करणारी ताई, तिचं कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं: "काका तुम्ही म्हणाल तसं 🙏". सगळ्यात स्वस्त तीच होती हे उघड आहे, पण ती काकांची भाची निघाली, आणि हितसंबंध नावाचं कलम पान २९ वर. काका म्हणे, "सख्खी नाही, मावसबहिणीची मुलगी." मी त्यांना पान २९ वर मावसबहीण शोधायला सांगितलं.

आणि पैसे आधी मिळत नाहीत बरं का. आधी तुम्ही खर्च करायचा, बिलं, चेक वटल्याचा पुरावा, ड्रायव्हरची हजेरी असं सगळं जोडायचं, मग ते तपासणार, मग परतफेड. पैसे नाहीत म्हणून अर्ज करायचा आणि अर्ज करायचा तर आधी पैसे पाहिजेत. काका म्हणाले, असं तर आमचा वाणीसुद्धा करत नव्हता.

शेवटची जोडणी होती की तुमची सेवा सगळ्यांना खुली आहे आणि तुम्ही ती लोकांपर्यंत पोचवता याचा पुरावा. मी खूष, कारण आमचं मासिक पत्रक आहे, आठ पानी, मराठीत. फक्त इंग्रजी भाषांतर जोडायचं. रात्री अकराला बसले. अध्यक्षांचं मनोगत झालं, वाढदिवस झाले, गुडघेदुखीवर मेथीचे लाडू झाले आणि आठव्या पानावर तळाशी एक चौकट: "वरचा मजला भाड्याने देणे. दोन बेडरूम. फक्त महाराष्ट्रीयन शाकाहारी कपल. मुलं नकोत. संपर्क," आणि पुढे नंबर. नंबर पाठ होता मला. खजिनदार काकांचा.

म्हणजे आम्ही हडकडे पैसे मागणार, सोबत सही करून देणार की आम्ही घराच्या बाबतीत भेदभाव करत नाही, आणि त्यालाच टाचणी लावून हे. मी रात्री साडेअकराला फोन केला. काका म्हणाले, "त्यात काय, डोंबिवलीत असंच लिहितात." खरं होतं. पुण्यात मी स्वतः पाच घरं बघितली होती, पाचही ठिकाणी आधी आडनाव आणि मग मासे खाता का हेच दोन प्रश्न, भाडं तिसरं.

पण काऊंटीचं फेअर हाऊसिंगचं, म्हणजे घर देताना भेदभाव करायचा नाही या कायद्याचं, ट्रेनिंग एप्रिलमध्ये होतं, प्रत्येक संस्थेतून दोघांनी यायचंच, मी काकांना घेऊन गेले. जाताना गाडीत म्हणतात, "फेअर म्हणजे गोऱ्यांसाठी का?" म्हटलं काका, बरोबर उलटं. शिकवणाऱ्या बाई फार छान होत्या. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ११ तारखेला अध्यक्ष जॉन्सन यांनी या कायद्यावर सही केली, तोपर्यंत तो इथल्या संसदेत लोंबकळत पडला होता, म्हणून हे ट्रेनिंग एप्रिलमध्ये. वंश, रंग, धर्म, मूळ देश, मग १९७४ ला लिंग, १९८८ ला अपंगत्व आणि घरात मुलं असणं, यावरून घर नाकारता येत नाही. न्यू जर्सीचा कायदा तर याहून जुना, १९४५ चा, आणि त्याची यादी आणखी लांब, लग्न झालंय की नाही हेसुद्धा त्यात आहे. काका बोटं मोजत होते. महाराष्ट्रीयन, एक. मुलं नकोत, दोन. कपल, तीन. चार शब्दांच्या जाहिरातीत तीन.

मग बाई म्हणाल्या की मालक स्वतः राहत असेल आणि घर चार बिऱ्हाडांपर्यंतचं असेल तर केंद्राच्या कायद्यात थोडी सूट आहे. काका ताठ बसले. माझ्याकडे विजयी नजर. "मात्र जाहिरातीला ती सूट नाही," बाई म्हणाल्या. काका परत खाली.

मी हसणार होते, पण मग बाईंनी सांगितलं की पूर्वी कसं फोनवर जागा आहे म्हणायचे आणि माणूस दारात आला की आत्ताच गेली, आणि काका माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "जर्सी सिटी. १९८४. नोव्हेंबर. मी टाय घालून गेलो होतो." बाकी काही बोलले नाहीत. हातातल्या पेनचं टोपण काढत-घालत राहिले.

ब्रेकनंतर बाईंनी सांगितलं की असले प्रकार पकडायला संस्था टेस्टर पाठवतात, साध्या भाडेकरूसारखे येतात, दोन वेगळ्या रंगाचे, तेच प्रश्न विचारतात, उत्तरं जुळतात का बघतात. काका एकदम माझ्याकडे वळले, आवाज खाली. "अगं, तू टेस्टिंगमध्ये आहेस म्हणतेस... ते हेच का?" सतरा वर्षं मी बँकेच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधतेय हो. परतीच्या वाटेवर तीनदा सांगितलं. पटलं असं वाटत नाही, कारण त्या दिवसापासून काका मला फार आदराने चहा विचारतात.

पत्रक मागे घेतलं, अध्यक्षांच्या मनोगताच्या शेजारी फेअर हाऊसिंगचं चिन्ह छापलं, म्हणजे घराचं चित्र आणि त्यात गणितातली बरोबरची (=) खूण, नवीन अंक जोडला. जाहिरातही नवीन. बाईंनी सांगितलं होतं, जागेचं वर्णन करा, माणसाचं नको. काकांनी रात्रभर बसून लिहिलेली ही: "वरचा मजला भाड्याने. दोन बेडरूम, स्वयंपाकघरात पूर्वेचं ऊन. जिन्याची सातवी पायरी वाजते. खाली पहाटे साडेपाचला अभंग लागतात, भिंत पातळ आहे. तडक्याचा वास वर येतो, हिंग जास्त." मला वाटलं आता कोणी येत नाही.

जुलैमध्ये पत्र आलं. आम्ही १८ हजार डॉलर मागितले होते, मंजूर साडेसहा. व्हॅन आठवड्यातून एकदाच, पण येते. वरचा मजलाही गेला, फिलिपिन्सची एक नर्स, रात्रपाळीवाली, म्हणजे अभंगाच्या वेळेला ती घरी येते, आणि तिचा चार वर्षांचा मुलगा. बुधवारी ती झोपते तेव्हा काका त्याला सोबत घेऊन येतात. तो काकांना लोलो म्हणतो, त्यांच्यात आजोबांना लोलो म्हणतात, आणि श्लोक त्याचा सगळ्यांत मोठ्याने असतो, ११:५० ला, वेळेवर.

आता तिमाही रिपोर्ट आलाय. ६२ च्या खालच्या लाभार्थींची संख्या लिहायची आहे. तो जेवत नाही, फक्त शिरा खातो, दोन वाट्या. काकांनी त्या दोन वाट्यांचे तीन डॉलर दर बुधवारी स्वतःच्या खिशातून खजिनदाराकडे, म्हणजे स्वतःकडे, जमा करायला सुरुवात केलीय आणि स्वतःच्या सहीची पावती स्वतःला देतात. ती पावती कुठल्या रकान्यात दाखवायची ते विचारायला मी काऊंटीला ईमेल टाकलाय.