अकरावी रेघ

परवा बुधवारी भायखळ्याला माझ्या डोळ्यांतून जे काही वाहिलं, तो घाम होता. मे महिना, दुपारचे पावणेबारा, डोक्याला टोपी नाही. घाम कपाळावरून भुवईत उतरतो, भुवईतून डोळ्यांत जातो, डोळे चुरचुरतात, माणूस रुमालाने पुसतो. यात दुसरं काहीही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या प्रकाराची एक लेखी नोंद झालेली आहे आणि ती माझ्याविरुद्ध आहे.

झालं ते एवढंच. दोन मुलांना घेऊन मी डोंबिवलीहून राणीच्या बागेत गेलो, आणि राणीची बाग बुधवारी बंद असते.

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. बायकोचं हसून झालंय.

बुधवारच का, तर माझं डोकं. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. असल्या जागा सोमवारी बंद असतात, असं शहाण्या माणसाने गृहीत धरायचं असतं. मंगळवारी मला रजा मिळाली नाही. म्हणून आठवड्याच्या मधला निवांत बुधवार काढला. हिशेबही करून ठेवला होता. मोठ्या माणसाला 50 रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलाला 25, म्हणजे आम्हा तिघांचे 100. आणि आई, बाप, दोन मुलं अशा अख्ख्या कुटुंबाचं तिकीटही 100च! "म्हणजे तू आलीस तर फुकटच पडशील," असं मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ही वाक्यरचना मी पुन्हा करणार नाही. तिला रजा नव्हतीच. निघताना ती एवढंच म्हणाली, "चालू आहे का बघून घे हं." त्यावर मी दिलेलं उत्तर आता घरात म्हणीसारखं वापरलं जातं. मी म्हणालो होतो, "अगं, 1862 पासून चालू आहे ती बाग!"

मुळात ही वेळ माझ्यावर शिबिरांनी आणली. एप्रिलपासून मी चौकशी करत होतो. व्यक्तिमत्त्व विकास, दहा दिवस, साडेसहा हजार. दोन मुलांचे तेरा हजार, 'भावंडांना पाच टक्के सवलत'. थोरल्याचं व्यक्तिमत्त्व आत्ताच इतकं विकसित आहे की तो माझ्या मोबाइलचा पासवर्ड मला सांगत नाही. आणखी विकास मला परवडणार नाही. मग मातीकाम. एका दिवसाचे बाराशे, 'माती धरून'. याच मातीत हात घातले म्हणून आमच्या पाठीत धपाटे बसायचे. आणि बाराशे रुपये भरून शेजारच्या मुलीने जे घरी आणलं, ते ॲश-ट्रे आहे की गणपतीचा उंदीर यावर त्यांच्या घरात अजून एकमत नाही.

आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं, हे वाक्य मला बोलायचं नाही. बोलतोच. आमच्या लहानपणी सुट्टी लागली की गच्चीवर धुतलेली लुगडी पसरून त्यावर कुरडया घालायच्या, आणि आम्हा पोरांच्या हाती काठी देऊन कावळे हाकायला बसवायचे. आज कोणी तेच 'एकाग्रता आणि निरीक्षणशक्ती शिबिर' म्हणून काढलं तर मी पैसे भरीन. पण खोटं कशाला बोलू, भयंकर कंटाळा यायचा. तास तास कावळा फिरकायचा नाही. शेवटी आम्हीच अर्धवट वाळलेल्या कुरडया खायचो आणि नाव कावळ्याचं सांगायचो. फरक एवढाच, की तो कंटाळा आमच्या मालकीचा होता. तो घालवायची जबाबदारी वडिलांवर आहे, ही कल्पना कोणाच्याच डोक्यात नव्हती, वडिलांच्या तर नाहीच. आमच्या वडिलांना मी नक्की कितवीत आहे हे जूनमध्ये फी भरताना कळायचं. आता माझा मुलगा सकाळी साडेसातला येऊन "बाबा, कंटाळा आला" म्हणतो, ते ग्राहकाने काउंटरवर तक्रार नोंदवावी तसं. आणि काउंटरच्या आत मी.

असो. तर भायखळा.

गेट बंद होतं. मी पाटी वाचली. मग वॉचमनला विचारलं, "बंद आहे का?" तो म्हणाला, "बुधवार हाय." मी म्हणालो, "हो, पण बंद आहे का?" त्याने मान फिरवली. मग मी थोडं पुढे जाऊन कुंपणातून आत डोकावून पाहिलं, कशासाठी ते देव जाणे. परत आलो तेव्हा रस्त्याच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं, "डोंबिवली ना?"

झाडाच्या सावलीत, कठड्यावर वर्तमानपत्र अंथरून एक म्हातारेबुवा बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. पांढरा शर्ट, गुडघ्यावर दुसरं वर्तमानपत्र, कानावर पेन्सिल, शेजारी पाण्याची बाटली आणि कागदाच्या पुडीत दाणे. नाटकाला वेळेवर येऊन बसलेल्या माणसाची प्रसन्नता चेहऱ्यावर.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"पिशवी बगा ना. तीन बाटल्या, दोन डबे, छत्री. दादर-परळवाला येवढा बंदोबस्त करून येत नाय. ठाण्याच्या पुढचा मानूस घरातनं निघतो तो मोहिमेवर निघाल्यासारखा. बदलापूरवाला तर चटई पन आनतो."

मुलं हसली. माझी मुलं.

"बुधवारी बंद असते," त्यांनी आता सांगितलं.

"अहो आजोबा, आम्ही रस्ता ओलांडत होतो तेव्हाच का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्याने पाहिलं. "मग मी बगू काय?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नाही. हे गृहस्थ दर बुधवारी जेवायच्या आधी दोन तास इथे येऊन बसतात, आणि बाग बंद आहे हे लोकांना कसं कळतं ते बघतात. गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. 1982च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, मग जन्मभर वॉचमनची नोकरी. "आयुष्यभर गेटच्या आत बसून भायेर बगितलं. आता भायेर बसून गेट बगतो. घरी टीव्ही हाय, पन त्यात पुढं काय होनार ते आधीच कळतं."

"आणि इथे नाही कळत?"

"इथं पन कळतं. पन मानसं खरी असतात."

वर्तमानपत्राच्या समासात त्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, एका कुटुंबाची एक. आमची अकरावी. काही रेघांखाली बारीक अक्षरं होती. थोरला तोपर्यंत त्यांच्या खांद्याशी जाऊन उभा राहिला होता. त्याला त्यांनी सगळी पद्धत समजावली. 'ह' म्हणजे गेट हलवून बघणारे. "कुलूप दिसतं, पाटी दिसते, तरी हलवतात. कायतरी हलवल्याबिगर बापाला घरी जाता येत नाय." 'भ' म्हणजे तिथेच बायकोशी भांडणारे. 'फ' म्हणजे गेटसमोर फोटो काढून, आत जाऊन आल्यासारखे निघून जाणारे. त्यांच्याबद्दल म्हातारेबुवांना विशेष आदर होता.

मला आता मुलांसमोर काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मी आवाजात शक्य तेवढी संस्कृती आणून म्हणालो, "चला रे, बरंच झालं. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मला तुम्हाला तेच दाखवायचं होतं."

म्हातारेबुवांनी कानावरची पेन्सिल काढली. हळूच. याच क्षणाची वाट बघत असल्यासारखी.

"ते पन बुधवारी बंद."

मग ते थोरल्याला म्हणाले, "ह्यांना 'दु'. दुबार. शिकलेली मानसं असतात ना, त्यांचं दोनदा होतं."

याच वेळी मी रुमालाने डोळे पुसले. घाम. वर सांगितलंच आहे.

धाकटी मात्र वेगळ्याच विचारात होती. "आज पेंग्विन काय करत असतील?" तिने विचारलं. "एशीत बसलेत," म्हातारेबुवा म्हणाले, "कोन बगायला आलं नाय म्हनून खुशीत." मला त्या पेंग्विनांचा त्या क्षणी फार राग आला. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरची जात, 2016 साली कोरियाहून विमानाने मुंबईत आले, आणि थेट आत गेले. आम्ही सरकत्या लोकलमध्ये उभे राहून डोंबिवलीहून आलो, तर बुधवार.

"आत एक दगडी हत्ती पन हाय," म्हातारेबुवांनी मुलांना दाणे देत सांगितलं. "घारापुरीचा. त्याच्यावरनंच त्या बेटाला एलिफंटा म्हनतात. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, 1864 साली. उचलताना तुटला, पडला, तुकडे तुकडे. मग ते तुकडे इथं आनून जोडले. म्हंजे त्याची पन ट्रीप क्यान्सल." आणि माझ्याकडे बघून, "पन त्यानं रजा टाकली नव्हती."

मी रजा टाकलीय हे त्यांना कोणी सांगितलं? धाकटीने. तिने त्यांना तिकिटाचा हिशेब आणि 1862चं वाक्यही सांगितलं होतं. त्या वाक्यावर ते एवढे हसले की दाणा घशात अडकला. पाणी मीच दिलं, माझ्या बंदोबस्तातलं.

आता उठून निघायला हवं होतं. पण बारावं कुटुंब आलं. बाप पुढे, आई मागे, कडेवर बाळ. "हलवणार," थोरला म्हणाला. बापाने पाटी वाचली, मागे वळून बायकोकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी गेट हलवलं. माझ्या मुलांनी जो जल्लोष केला, तो मी त्यांना तेरा हजारांच्या शिबिराला घातलं असतं तरी झाला नसता. तेरावं कुटुंब 'भ'. चौदाव्याला धाकटी 'फ' म्हणाली आणि जिंकली. बक्षीस म्हणून एक रेघ तिने स्वतः मारली. मध्येच म्हातारेबुवांनी शास्त्रातली एक बारीक गोष्टही सांगून ठेवली. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग त्या दिवशी चालू ठेवतात आणि गुरुवारी बंद. "त्या गुरुवारी बगा साहेब. बुधवार बंद हे ज्यांना पाठ असतं, तीच मानसं फसतात. त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून येतो."

पंधरावं कुटुंब स्टेशनकडून येताना दिसलं, तेव्हा माझ्यातला माणूस जागा झाला. आजी, आजोबा, तीन पोरं, आणि हो, चटई. मी उठून रस्ता ओलांडू लागलो, तर मागून माझाच मुलगा ओरडला, "बाबा, सांगू नका ना!" आणि म्हातारेबुवा, जरा दुखावून, "साहेब, खेळ मोडू नका." मी तरी गेलो. त्या गृहस्थांना म्हणालो, "अहो, आज बाग बंद आहे." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "असं होय" म्हणाले, आणि पुढे जाऊन गेट हलवलं.

परत येऊन बसलो तेव्हा कठड्यावरचे तिघेही माझ्याशी बोलत नव्हते.

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. डबे तिथेच खाल्ले. म्हातारेबुवांनी आमच्यातली गुळांबा-पोळी खाल्ली आणि "गूळ जास्त झालाय" म्हणाले. मग दिवस वाया जाऊ नये म्हणून मी मुलांना सीएसएमटीला नेऊन ए-115 नंबरच्या एसी डबल डेकर बसमध्ये बसवलं. बारा रुपयांत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत समुद्राकडे जाणारं वातानुकूलित वाहन, यापेक्षा स्वस्त करमणूक या शहरात उरलेली नाही. फक्त वरच्या मजल्यावरच्या पुढच्या सीटवर चाळिशीचे दोन पुरुष बसून व्हिडिओ काढत होते. मुलं त्यांच्या मागे उभी राहिली, खोकली, "किती छान दिसतंय ना पुढून" असं मोठ्याने बोलली. ते ढिम्म हलले नाहीत. उतरतानाही शेवटी उतरले. या पुरुषांना लहानपणी कोणी कुठे नेलं नसणार, हे मला समजतं. पण त्याची वसुली माझ्या मुलांकडून कशाला?

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मग, काय काय बघितलं?" मला वाटलं, आता रडारड होणार. पण दोघंही एकदम बोलत सुटली. गेट हलवणारे, भांडणारे, चटई. पुढच्या बुधवारी परत जायचंय. मी म्हणालो, मला रजा नाही. "तुम्ही नाही आलात तरी चालेल," धाकटी म्हणाली, "तुम्ही लोकांना सांगून टाकता."

रात्री झोपताना थोरला म्हणाला, "बाबा, एक चूक झाली त्या आजोबांची. आपण संग्रहालयाकडे पण जाणार होतो ना, म्हणजे आपल्याला 'दु' मिळायला हवं होतं. त्यांनी 'दु' लिहून खोडलं."

"मग काय लिहिलं?"

"'र'. मी विचारलं त्यांना, र म्हणजे काय. तर म्हणाले, रडणारे." तो जरा वेळ पंख्याकडे बघत राहिला. "पण बाबा, आम्ही दोघं तर रडलोच नाही."