भिंतीतली केबल उपटू नका

'घरात लॅन केबल असलेल्यांनी सावधान!!' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज आमच्याकडच्या वाडीवाडीच्या ग्रुपवर फिरतोय. सारांश असा: लॅन केबल (राउटरपासून खोल्यांत नेट नेणारी तांब्याची तार) आणि वायफाय एका घरात नांदत नाहीत, एकमेकांचा स्पीड खातात. म्हणून भिंतीतली केबल काढून टाका आणि खोलीखोलीत बूस्टर लावा. केबलला दुसरा राउटर जोडाल तर सगळंच नेट बंद पडेल, शिवाय त्याला सरकारी परवाना लागतो. वायफायने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय, आंब्याचा मोहर गळतो, आणि पावसाळ्यात वायफाय आकाशातली वीज ओढून घेतं.

वायफायने एवढं सगळं होत असेल तर खोलीखोलीत बूस्टर कशाला लावायचे, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला नाही. पुढे ढकलणाऱ्यांनाही नाही. मीही हसून सोडून दिलं असतं. पण देवगडहून काकीचा फोन आला, "झिला, वायरमन उद्या केबल काढूक येतलो, तुका काय वाटता?" काकीचं घर चिऱ्याचं. बांधकाम चालू असतानाच पाइप घालून पुढच्या खोलीतून माडीवर केबल नेलेली आहे. माडीवरच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते आणि तिथे फोनला नेट येत नाही, एवढंच तिचं दुखणं. त्यावरचं औषध तिच्या भिंतीत आधीच आहे, आणि हा मेसेज नेमकं तेच उपटायला सांगतोय.

म्हणून आधी केबलचंच बघू. केबल वायफायचा स्पीड खात नाही. दोघांचे रस्ते वेगळे, एक तांब्यातून, दुसरा हवेतून. साधी कॅट-५ई केबल शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट सहज नेते. घरातली कुठलीही केबल एवढी लांब नसते. वायफायचं तसं नाही. चिऱ्याची जाड भिंत ते गिळते, पावसात भिंत ओली झाली की जास्तच. घरगुती राउटर साधारण २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय सोडतो, त्यातला ५चा सिग्नल अशा भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर हात टेकतो. २०२१च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात कौलं उडाल्यावर ज्यांनी वर पत्रा घातला, त्यांच्याकडे तर पत्र्यापलीकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. अशा घरात भिंतीच्या पलीकडे सिग्नल न्यायचा खात्रीचा मार्ग म्हणजे केबल. पलीकडे पोचल्यावर तिथे केबलला दुसरा राउटर जोडून वायफाय सोडा.

बूस्टर काय करतो? खालच्या राउटरचा सिग्नल हवेतून ऐकतो आणि तोच पुन्हा हवेत बोलून दाखवतो. एकाच रेडिओवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही असेल तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो आणि स्पीड साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे स्पीड खाण्याचं जे पाप मेसेजने केबलच्या माथी मारलंय, ते बूस्टरचं आहे! दोन्ही पट्ट्यांवर चालणारे महाग बूस्टर थोडे बरे चालतात, पण त्यांनाही आधी खालून चांगला सिग्नल मिळायला हवा. जिथे सिग्नल पोचतच नाही त्या माडीवर बूस्टर लावून तो पुढे पाठवणार काय?

आता दुसऱ्या राउटरने नेट बंद पडतं हा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुना राउटर उचलला आणि तसाच केबलला जोडला तर घोळ होतोच. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, प्रिंटरला आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) द्यायचं काम मुख्य राउटर करत असतो. त्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. दुसऱ्या राउटरमध्येही ती चालूच असते. एका गावाला दोन तलाठी बसवले आणि दोघे आपापल्या मर्जीने सातबारे वाटायला लागले तर जे होईल, तेच घरात होतं. फोन वायफायला जोडलेला दिसतो आणि नेट मात्र नाही. पण म्हणून केबल उपटायची नसते. दुसऱ्या तलाठ्याला त्या कामातून मोकळं करायचं असतं.

ते असं. दुसरा राउटर आधी एकटाच लॅपटॉपला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि मुख्य राउटर बाकीच्यांना जे पत्ते वाटतो त्यांत हा आकडा येत नाही एवढं बघा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच ठेवा, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप दुसरीकडे जातो. २.४ गिगाहर्ट्झवर खाली चॅनल १ असेल तर वर ६ किंवा ११, म्हणजे दोघे एकमेकांच्या आड येत नाहीत. सुरक्षेच्या पर्यायांत निदान डब्ल्यूपीए२ निवडा. शेवटी डीएचसीपी बंद करा आणि भिंतीतून आलेली केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीच्या खाचेत) घाला, वॅनमध्ये (बाहेरचं नेट घ्यायच्या खाचेत) नाही. डीएचसीपी बंद करून वॅनमध्ये घातलीत तर वरच्या फोनला पत्ताच मिळत नाही आणि नेट चालत नाही. बऱ्याच नव्या राउटरांत 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असतो. तो निवडला की यातलं बरंचसं आपोआप होतं. फायबर कंपनीने दिलेल्या डब्यालाही मागे लॅन पोर्ट असतात. केबलचं खालचं टोक त्यातल्या एकात जातं.

कॅन्सरचं थोडक्यात. आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना २-बी गटात टाकलं, हे खरं. पण त्या गटाचा अर्थ 'शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित' असा आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. काकीच्या खळ्याच्या कडेला कोरफडीच्या कुंड्या आहेत, त्या उपटा असा मेसेज अजून कुणी पाठवलेला नाही. मोहराबद्दल काय बोलायचं? तुडतुडे, भुरी, ढगाळ हवा, अवकाळी पाऊस यांनी मोहर जातो हे इथला प्रत्येक बागायतदार जाणतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक याच तुडतुड्या-भुरीसाठी आहे. त्यात राउटर बंद ठेवा असं कुठेही नाही.

विजेचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. वायफाय वीज ओढत नाही. वीज आधी उंचावर पडते, माडावर, टॉवरवर. पण जवळपास पडली की तिचा झटका विजेच्या आणि तांब्याच्या तारांतून घरात शिरतो आणि राउटर, टीव्ही, कॅमेऱ्याचा डबा सगळं जळतं. त्यामुळे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात गडगडायला लागलं की राउटरची पिन काढा आणि बाहेरून येणारी लॅन केबलही काढा. हे गडगडाट डोक्यावर यायच्या आत करायचं, चालू असताना तारांना हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप जवळपास वीज पडत असेल तर इशारा देतं. घरातून मांगरापर्यंत (बागेतल्या खोपटापर्यंत) उघड्यावरून लॅन केबल ओढलेली असेल तर ती बदलून फायबर घाला. काचेतून वीज वाहत नाही. फक्त आधाराला पोलादी तार असलेली फायबर घेऊ नका. घराच्या आतल्या, पाइपातल्या केबलला हे काही लागू नाही.

आणि परवाना. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरायची मुभा केंद्र सरकारने २००५च्या जानेवारीत अधिसूचना काढून दिली. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये आणखी मोकळा झाला. बाजारात मिळणारा राउटर घरात लावायला कुणाची सही लागत नाही. काकीच्या वायरमनला मी तेवढं फोनवर सांगितलंय, आणि येताना केबल काढायच्या पकडीऐवजी क्रिंपिंगची पकड आणायलाही. माडीवरच्या टोकाला जॅक बसवायचा राहिलाय.