निळे पडलेले टोक आणि उतरलेले पाणी

लेथवर लाकूड कातायला शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: धार लावायच्या ग्राइंडरवर हत्याराचे टोक निळे पडले की पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले, म्हणून मंद गतीचाच ग्राइंडर घ्यावा, शेजारी पाण्याचे भांडे ठेवावे आणि दर दोन-तीन सेकंदांनी हत्यार त्यात बुडवावे. यातले मूळ विधान एका पोलादाबाबत खरे आहे, दुसऱ्याबाबत नाही. आणि पुढचा सारा खर्च त्या गफलतीवर उभा आहे.

निळा रंग म्हणजे पृष्ठभागावर धरलेला ऑक्साइडचा पातळ थर असून तो साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास दिसतो. जुन्या कानशीपासून लोहाराने घडवलेल्या कार्बन पोलादाच्या पटाशीला कडक केल्यानंतर साधारण 200 ते 250 अंशांपर्यंत पुन्हा तापवून चिवटपणा आणलेला असतो. त्यामुळे ती निळी पडली की धार खरोखरच मऊ होते आणि तेवढा भाग घासून काढण्यावाचून गत्यंतर नसते. मात्र आज विकत मिळणारे बहुतेक गाऊज (खोबणीदार पटाशी), स्क्यू (तिरप्या धारेची पटाशी) आणि स्क्रेपर (खरवडायचे हत्यार) हाय-स्पीड स्टीलचे, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या मिश्र पोलादाचे असतात, ज्याची ही पुन्हा तापवण्याची पायरी 550 अंशांच्या आसपास होते, म्हणून निळेपणाने त्याचे काहीच बिघडत नाही. आपले हत्यार कशाचे आहे हे ठिणग्याच सांगतात: कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या असून फुलबाजीसारख्या फुटतात, तर हाय-स्पीड स्टीलच्या लालसर, मंद असतात आणि क्वचितच फुटतात.

पाण्याचे भांडे कार्बन पोलादाला उपयोगी आहे. तापलेले हाय-स्पीड स्टील मात्र एकदम पाण्यात घातले तर धारेशी सूक्ष्म भेगा पडण्याचा धोका असतो. ते हवेतच निवू द्यावे. भांडे तरीही ठेवावेच, कारण ग्राइंडरखाली साचलेल्या भुशात ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

आता गती. आपल्याकडचा साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे 2800 फेरे घेतो आणि मंद गतीचा सुमारे 1400, एवढेच सांगितले जाते. चाकाचा व्यास कोणी विचारत नाही. 150 मिलिमीटरच्या चाकाची कडा 2800 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते, आणि 200 मिलिमीटरच्या मंद चाकाची सुमारे 15 मीटर, म्हणजे फरक दुपटीचा राहत नाही. शिवाय उष्णता वाढवतात ती मुख्यतः हाताचा दाब आणि धातूचे कण भरून गुळगुळीत झालेले चाक. अशा चाकावर उपाय डायमंड ड्रेसरचा, म्हणजे चाकाचा पृष्ठभाग खरवडून पुन्हा खरखरीत करणाऱ्या हिरेकणी लावलेल्या साधनाचा.

पैसे घालायचेच असतील तर ते जिगवर, म्हणजे हत्यार धरून धारेचा कोन कायम राखणाऱ्या साधनावर घालावेत. गाऊज जिगमधून दर वेळी तेवढाच बाहेर यावा म्हणून बाकावर एक अडणीचा ठोकळा ठोकला की जुना कोन पुन्हा तंतोतंत सापडतो, चाकाला एक-दोन हलके स्पर्श पुरतात आणि टोक निळे पडण्याइतका वेळच चाकावर राहत नाही. असा ग्राइंडर लेथपासून दोन पावलांवर हवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तर माणूस बोथट गाऊज रेटत बसतो.