आज्जीचं गोंदण पुसणारं बटण

रविवारी सकाळी आत्तीचा फोन. "काकाच्या लग्नाचा व्हिडिओ फोर-के केलाय बघ. आज्जी कशी झक्कास दिसतीया!"

बघितला, पण त्यात आज्जी नव्हतीच. तिच्या लुगड्यात, तिच्याच जागी कुणीतरी साबणासारख्या गुळगुळीत तोंडाची बाई अक्षता टाकत होती. आज्जीचे पुढचे दोन दात कधीच पडलेले, इथं मात्र ओळीनं सगळी बत्तीशी. मूळ व्हिडिओत कपाळावरचं गोंदण हिरवट डाग म्हणून तरी दिसायचं. ॲपला तो खराबी वाटला असणार, त्यानं पुसून टाकला.

याचं मूळ फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये. त्यात म्हटलंय: मोफत ॲपमध्ये जुना व्हिडिओ टाका. एका बटणात दाणे-ठोकळे गायब, जराही ब्लर नाही. हरवलेलं डिटेल परत येतं. सीसीटीव्हीतला चोरसुद्धा ओळखता येतो. मग जुनी सीडी टाकून द्या.

आधी ते "परत येतं" बघू. लग्न २००३ चं, व्हीसीडीवर. आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे लाखभर ठिपके (पिक्सेल). फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, जवळजवळ ८३ लाख. एका खऱ्या ठिपक्यामागं ॲपनं ऐंशी ठिपके मनानं भरले. जे डिस्कवर कधी लिहिलंच नाही ते परत कुठनं येणार? आज्जीच्या गळ्यातला कोल्हापुरी साज घ्या. त्यात मासा, कासव, चंद्र अशा वेगवेगळ्या घाटाच्या पानड्या असतात. ॲपनं सगळ्यांची एकसारखी बदामं करून टाकली, आणि आज्जीनं मान वळवली की त्यांची संख्याही बदलते. खरा साज आत्तीच्याच कपाटात आहे. काढून शेजारी धरायचा होता की!

चोर ओळखायची गोष्ट तर घातकच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 'पल्स' नावाची प्रणाली आणली. बारीक, ठोकळेदार फोटो दिला की स्वच्छ चेहरा काढून देणारी. लोकांनी तिला बराक ओबामांचा ठोकळेदार फोटो दिला, तर बाहेर आला एक गोरा माणूस! बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं होतं की यातून माणसाची ओळख पटवता येणार नाही, हे अस्तित्वात नसलेले चेहरे तयार करतं. आता गल्लीतली गाडी चोरीला गेली, कुणीतरी सीसीटीव्हीचं चित्र असं 'साफ' करून ग्रुपवर टाकलं आणि तो चेहरा वडापाव खात उभ्या असलेल्या एखाद्या पोराशी जुळला, तर? चौकातली माणसं ड्यूकचा खुलासा वाचत बसत नाहीत.

"दाणे-ठोकळे गायब, जराही ब्लर नाही" यात मात्र अर्धं खरं आहे. मान्य करतो, नाइलाजानं. व्हीसीडीत चित्र आठ बाय आठच्या चौकोनांत कापून दाबलेलं असतं, त्यामुळं ठोकळ्यांच्या कडा कुठं येणार हे आधीच ठाऊक असतं. डीब्लॉक फिल्टर, म्हणजे ठोकळे मिटवणारी सोय, फक्त त्या शिवणीवर हात फिरवतो. तिथला फरक लहान असेल तर मिटवतो, मोठा असेल तर ती लुगड्याची खरी किनार समजून सोडून देतो. शिवाय चित्रातले वळवळणारे दाणे दर फ्रेमला जागा बदलतात, मागची भिंत बदलत नाही. शेजारच्या फ्रेम जुळवून सरासरी काढली की दाणे जातात, भिंत राहते. जोर वाढवला की मात्र अक्षता टाकणाऱ्या हातामागं भूत दिसायला लागतं. हे सगळं एफएफएमपेग नावाच्या व्हिडिओच्या प्रोग्राममध्ये फुकट आहे, पण क्रम पाळावा लागतो: मूळ आकारातच आधी ठोकळे, मग दाणे, त्यानंतर मोठं करणं, आणि धार (शार्पन) अगदी शेवटी, तीही चिमूटभर. आधी मोठं केलंत की आठाचं माप बिघडतं आणि फिल्टर भलतीकडंच चोळत बसतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या, पुन्हा दाबलेल्या कॉपीचीही हीच गत, म्हणून फाइल डॉक्युमेंट करून मागवा.

राहिली सीडी टाकून द्यायची गोष्ट.

"आत्ती, मूळ डिस्का कुठं हायत?"

"गॅलरीत टांगल्यात. कबुतरं लई झाल्यात."

पंधरा दिवस उन्हात! लग्नाच्या व्हीसीडी बहुतेक सीडी रायटरवर लिहिलेल्या असतात, त्यांच्यातला चित्र धरून ठेवणारा रंग उन्हानं उडतो. तसाच कोल्हापुरात राजारामपुरीत आत्तीकडं गेलो, दोरी कापली, मऊ कापडानं मधून बाहेर अशा पुसल्या. पहिली डिस्क पूर्ण उतरली. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल, म्हणजे मूळ व्हिडिओच, जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवली. दुसरी मंगलाष्टकं संपता संपता अडकते. दुसऱ्या एका जुन्या ड्राइव्हवर चालते का ते बघणार आहे. आज्जी अक्षता टाकते ती त्याच्या जरा आधी, तेवढी मिळाली. गोंदणासकट.

कबुतरं काय, तेव्हाही गॅलरीतच बसली होती.